कूळ, कळ आणि शनिवारचे दोन तास : सुलभ पुस्तक प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, ८ जुलै २०२४

एका पुस्तकाची सुलभ, म्हणजे अंध वाचकाला ऐकता येईल अशी, प्रत करायला स्वयंसेवक हवेत, असा ईमेल सकाळी कार्यालयातील सर्वांना गेला आणि संध्याकाळपर्यंत ४१ नावे आली. एवढ्यांची अपेक्षा नव्हती. नावे पाहिल्यावर ही वही घालायचे ठरवले, कारण कोण कशासाठी आले आणि कोण कशामुळे थांबले हे नंतर आठवणीवर सोडले, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचे तेवढे आठवतो. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या वृक्षारोपणात ६० रोपे लावली गेली आणि त्याहून अधिक छायाचित्रे काढली गेली. पुढच्या एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार होते, हे मात्र आजही कोणी सांगू शकत नाही.

कामाचे मूळ असे. दूरध्वनी कक्षातील आमचा सहकारी जन्मतः अंध आहे व दिवसभर स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या संगणक प्रणालीवर, काम करतो. त्याच्या परिचयाची एक विद्यार्थिनी, तीही अंध, पुण्यात वसतिगृहावर राहून राज्यशास्त्रात एम. ए. करते. महाराष्ट्रातील जमीन सुधारणांवरचे एक जुने मराठी पुस्तक तिला अभ्यासासाठी हवे आहे. त्याची सुलभ प्रत तिला कुठेही मिळाली नाही. आजवर तिची एक मैत्रीण पुस्तके मोठ्याने वाचत असे आणि ही ते फोनवर ध्वनिमुद्रित करून घेत असे. मैत्रिणीला मार्चमध्ये नाशिकला नोकरी लागली आणि वाचन ९२ व्या पानावर थांबले.

पुस्तक २८८ पानांचे, खिळ्यांच्या छपाईचे, कागद पिवळा पडलेला. पाने स्कॅन करायची, ओसीआरने, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने, त्यांतून संगणकाला वाचता येईल असा युनिकोड मजकूर काढायचा, मूळ पानाशी ताडून तो शुद्ध करायचा आणि प्रकरणे व उपशीर्षके वर्डमध्ये नीट चिन्हांकित करायची, म्हणजे ऐकणाऱ्याला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येईल. प्रत्येक पान दोघांच्या हातांखालून जाईल.

विधी विभागाने स्वामित्वहक्काचा प्रश्न दुपारीच काढला, तो योग्यच होता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी नफ्याविना सुलभ प्रत करण्यास मुभा आहे. शिवाय याच विषयावरच्या २०१३ च्या मराकेश कराराला सर्वांत आधी, जून २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारत होता. शंका पंधरा मिनिटांत मिटली. स्कॅनर कोणत्या खर्चाच्या शीर्षाखाली वापरायचा, यावर मात्र दीड तास गेला.

शनिवार, १३ जुलै २०२४

४१ पैकी २३ जण आले. तिघांची मूळ इच्छा परीक्षेत लेखनिक होण्याची, म्हणजे अंध परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहून देण्याची, होती आणि त्यांची थोडी निराशा झाली. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावे लागते. आमच्याकडे निम्मे लोक पदव्युत्तर आहेत. आपले जास्त शिकणे एखाद्या मदतीच्या आड येते, ही कल्पनाच त्यांना नवी होती.

सहकाऱ्याने ओसीआरने काढलेले पहिले कच्चे पान स्क्रीन रीडरवर लावले. प्रथम त्याच्या रोजच्या वेगाने, ज्यातला एक शब्दही आम्हाला कळला नाही; मग आमच्यासाठी सावकाश. ‘कोयना घरणाच्या पाण्यारवाली गेलेल्या गावांतील रवातेदार’ असे यंत्राने शांतपणे वाचले. मागून हसू आले. तो म्हणाला, “हसा, मीही हसतो. पण हे असं तीनशे पानं ऐकायचं आणि उद्या त्यावर पेपर लिहायचा.” जुन्या छपाईत ‘ख’चे दोन भाग सुटे असल्याने यंत्र त्याचा ‘रव’ करते, ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ आणि ‘थ’चा ‘य’ होतो, अनुस्वार गळतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. डोळ्यांनी वाचणारा माणूस अशी चूक नकळत दुरुस्त करून पुढे जातो, त्यामुळे ती त्याला दिसतच नाही. आम्हाला हीच सवय मोडायची आहे.

त्याने जाता जाता सांगितलेली एक गोष्ट नोंदवून ठेवते. तो वापरतो तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. विकत मिळणारे स्क्रीन रीडर फार महाग होते म्हणून मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि पुढे जेम्स टे हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. स्वतःच्या गरजेतून निघालेले ते काम आज आमच्या प्रशिक्षण कक्षात बोलत होते.

शुक्रवार, २६ जुलै २०२४

कालच्या पावसाने सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरले. गटातील चौघे त्या भागात राहतात. उद्याची बैठक रद्द. एकाने आठ पाने कबूल केली होती, त्यांतले एकही झाले नाही. तो पहाटेपासून तळमजल्यावरच्या आजी-आजोबांचे सामान वर नेत होता, हे मला दुसऱ्याकडून कळले. त्याने स्वतः फक्त “पाने राहिली, क्षमस्व” एवढेच कळवले आहे.

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४

आज मी सर्वांना एक चिठ्ठी दिली आणि नाव न घालता उत्तर मागितले : आपण हे काम का घेतले? अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या प्रेरणांची सहा गटांत मांडणी केली होती. दुसऱ्यांविषयीची कळकळ, नवे काही शिकण्याची इच्छा, आपल्या माणसांचा आग्रह, नोकरी-व्यवसायातला लाभ, स्वतःच्या मनातली टोचणी शमवणे आणि स्वतःविषयी बरे वाटणे, असे ते सहा गट. उत्तरे याच सहा रकान्यांत टाकता येतील, असे मला वाटले होते.

१९ चिठ्ठ्या आल्या आणि माझ्या रकान्यांची दैना झाली. “साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारले, तेव्हा नाही म्हणता आले नाही.” “शनिवारी घरी असलो की भाजी आणायला लावतात.” “इंग्रजी ईमेल लिहून लिहून मराठी शुद्धलेखन विसरले आहे, ते परत यावे.” “मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईचे डोळे महिनाभर बांधल्यासारखे होते, तेव्हा तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायला मला वेळ नव्हता.” एका चिठ्ठीवर फक्त “टी-शर्ट” असे लिहिले होते. ती चिठ्ठी सर्वांत प्रामाणिक होती, असे माझे मत आहे. मोतीबिंदूची चिठ्ठी कोणत्या रकान्यात जाते? कळकळ, टोचणी की आग्रह? भाजीची चिठ्ठी तर सहांतल्या कशातच बसत नाही, तरीही तो माणूस दर शनिवारी दहाच्या आधी पाच मिनिटे हजर असतो आणि नेमून दिलेल्या पानांपेक्षा दोन जास्त तपासतो.

माझे स्वतःचे उत्तरही लिहायला हवे. महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेत होते. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झालेली ही योजना वर्षाला १२० तास मागते आणि त्या बदल्यात आम्हाला परीक्षेत दहा गुण मिळत असत. मी त्या दहा गुणांसाठीच नाव घातले होते. सात दिवसांच्या शिबिरात बंधारा घालताना हाताला फोड आले, रात्री गावातल्या एका आजींनी त्यांवर हळद लावली, आणि दुसऱ्या वर्षी गुणांची गरज नसतानाही मी गेले. त्यामुळे कोण कशासाठी आत शिरला यावरून कोणालाही तोलायचा अधिकार मला नाही. दुसऱ्या वर्षी तो का येतो, हे पाहण्यासारखे आहे.

बुधवार, २१ ऑगस्ट २०२४

मनुष्यबळ विभागाकडून कळवण्यात आले की प्रत्येक स्वयंसेवकाचे तास आता संगणकावर नोंदवावेत, महिन्याअखेर सर्वाधिक तासांची यादी प्रसिद्ध होईल आणि वार्षिक मूल्यमापनात त्याला गुण असतील. हेतू चांगला आहे, हे मी मान्य करते. आमच्या कामाची कोणी दखलच घेत नाही, अशी तक्रार जुलैमध्ये मीच केली होती.

मी बैठकीत हैफातील पाळणाघरांचा दाखला दिला. इस्रायलमधील त्या शहरात दोन अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांची पाहणी केली. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला आणि दंड काढून घेतल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. बाईंना ताटकळत ठेवण्याची लाज होती, तिथे किंमत आली. किंमत मोजली की लाज संपली. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. त्यावर आमचे एक वरिष्ठ म्हणाले, “तो दंड होता, आपण तर बक्षीस देतो आहोत.” मला तेव्हा नीट उत्तर सुचले नाही. गुणांची पद्धत सुरू झाली.

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४

उत्तर दहा दिवसांत आले, तेही पानांवरूनच. या पंधरवड्यात ७४ पाने ‘पूर्ण’ झाली, जुलैच्या चार आठवड्यांत मिळून ती ३८ होती. दुसऱ्या हाताला सापडणाऱ्या चुका जुलैमध्ये पानामागे सरासरी तीन होत्या, आता अकरा. एका प्रकरणात कोणीतरी संगणकाला एका झटक्यात सगळीकडच्या ‘घर’चा ‘धर’ करायला सांगितले. धरण सुधारले खरे, पण त्याच प्रकरणात ‘धराधरांत’ दिवे लागले, शेतकऱ्याचे ‘धरदार’ लिलावात गेले आणि सावकाराने कोणाला तरी ‘धराबाहेर’ काढले. वेळ वाचवायची ही युक्ती असेल, तर दुसऱ्या हाताचे पाच तास त्यात गेले.

रागाच्या भरात मी चुकांचा तक्ता नावांसह गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. ही नोंद मुद्दाम करते, कारण पुढे जे झाले त्याला गुणांची पद्धत जेवढी कारणीभूत आहे तेवढीच मीही आहे. रात्री साडेदहापर्यंत सहा जण गटातून बाहेर पडले होते. त्यांतल्या एका बाईंची पाने मुळात निर्दोष होती. फाईल दुसऱ्याची आणि नाव त्यांचे, असा घोळ मी केला होता. रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागावी, असे ठरवले आहे.

बुधवार, १८ सप्टेंबर २०२४

काल विसर्जन झाले. अकरा दिवस एकही पान पुढे सरकले नाही, आणि सरकणार नाही हे मला ठाऊक असायला हवे होते. पण एक गोष्ट पाहायला मिळाली. हिशेब विभागातला जो सहकारी “आठवड्याला दोन तास म्हणजे फारच होतात हो” असे म्हणून ऑगस्टमध्ये थांबला होता, तो नारायण पेठेतल्या आपल्या मंडळाच्या मांडवात रात्री दीड वाजता विजेच्या वायरी गुंडाळताना मला दिसला. दहा रात्री तो तिथेच होता. मी थट्टेत विचारले, तर तो गंभीरपणे म्हणाला, “ताई, इथं वायरींचं काम माझं आहे. सात वर्षं. मी आलो नाही तर अंधार होतो आणि सगळ्यांना कळतं कोण आला नाही ते. तुमच्याकडं मी पान १३४ होतो.”

मंडळात हजेरीपट नसतो, तासांची यादी नसते, आणि वर्गणी मागताना चार दारांवर अपमानही होतो. तरीही माणसे रजा टाकून राबतात. पान १३४ ते १३९ कोणाला पाठवले होते हे मी आज तपासले. ती त्याचीच होती, आणि ते कोणत्या प्रकरणाचे तुकडे होते हे त्याला मी कधी सांगितलेच नव्हते. मी २८८ पाने सहा-सहाच्या गठ्ठ्यांत वाटली होती, कारण ते माझ्या तक्त्याला सोयीचे होते.

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

पद्धत बदलली. आता पाने वाटायची नाहीत, प्रकरणे वाटायची. पुस्तकाची चौदा प्रकरणे आहेत. प्रत्येकाला एक पहिला हात आणि एक दुसरा हात. प्रकरण झाले की ते माझ्याकडे न येता थेट विद्यार्थिनीकडे जाते आणि ती ऐकताना अडली, तर त्या दोघांनाच आवाजी निरोप पाठवते. तासांचा तक्ता मी भरणे सोडून दिले. मनुष्यबळ विभागाने दोनदा विचारले, मग विचारणे सोडले.

तिचा पहिला निरोप आज कक्षात सर्वांनी ऐकला. “ताई, नमस्कार. प्रकरण चार छान झालंय, शीर्षकांवरून पटापट जाता येतं. फक्त पान ४७ वर ‘कळांचे हक्क’ असं ऐकू येतंय. आधी मला वाटलं, कळ म्हणजे वेदना, असा काही वाक्प्रचार असेल. मग पुढच्या पानावर पण तेच. ‘कूळ’ असणार ना? आणि तळटिपेचा आकडा वाक्यातच वाचला जातोय, त्यामुळे एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा कायदा मला एकोणीस हजार चारशे त्र्याऐंशीचा वाटला.” १९४८ पुढे तळटिपेचा ३ चिकटला होता. ज्याचे प्रकरण होते, तो सहकारी चिठ्ठीवर ‘टी-शर्ट’ लिहिणारा असावा, असा माझा कयास आहे. त्याने तिथेच लॅपटॉप उघडला आणि सगळ्या तळटिपा चौकटी कंसात घेऊन आधी ‘टीप’ हा शब्द घातला. चहा निवला तरी त्याचे लक्ष नव्हते.

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

परवा केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. कार्यालयाच्या सर्व गटांवर अभिमानाचे संदेश फिरले. मी संधी साधून प्रकरण नऊसाठी माणूस हवा असल्याचे त्यांखाली लिहिले. त्यावर अंगठे बरेच आले, माणूस आला नाही.

माणूस आला तो भलत्याच बाजूने. आमच्या मजल्यावरचे शिपाई मामा कंत्राटी आहेत, त्यामुळे त्यांना कार्यालयाचा ईमेल पत्ता नाही आणि जुलैतला ईमेल त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. चहा ठेवताना त्यांची नजर छापलेल्या पानावर गेली. “मॅडम, हे ‘३२ भ’ कुठून काढलं?” मी म्हटले, कायद्याचे कलम आहे. ते म्हणाले, “असलं कलम नाही. ३२ म. ३२ ग ला किंमत ठरते, पैसे भरले की ३२ म चा दाखला मिळतो.” मूळ पान पाहिले. छपाई पुसट होती, पण तो ‘म’च होता. यंत्राने त्याचा ‘भ’ केला होता आणि दोन पदव्युत्तर हातांखालून तो सुखरूप गेला होता.

मामा साताऱ्याकडचे. त्यांचे वडील कूळ होते, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने कसणारे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा; त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. कागदोपत्री हे एका ओळीचे आहे. प्रत्यक्षात मालकाशी वाद, तहसील कचेरीत हेलपाटे, हप्त्यांनी भरलेली किंमत आणि शेवटी तो दाखला, यात वडिलांची बरीच वर्षे गेली. दाखला अजून गावी पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूच्या घडीत आहे, असे ते म्हणाले. “आमचं सगळं या पुस्तकात आहे म्हणा की. मी वाचू का?”

मामा सातवीपर्यंत शिकलेले आहेत आणि संगणक वापरत नाहीत. म्हणून प्रकरण नऊची छापील प्रत त्यांना द्यायची, त्यांनी लाल पेनने खुणा करायच्या आणि टी-शर्टवाल्या सहकाऱ्याने त्या संगणकावर चढवायच्या, असे ठरले.

सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

मामांनी प्रकरण नऊची ३१ पाने बारा दिवसांत तपासली. पोटखराबा, खातेफोड, खंड, आणेवारी, जिरायत, वरकस या प्रत्येक शब्दावर आधीचा कोणी ना कोणी अडखळला होता, कोणी त्यांना ‘सुधारले’ही होते. वरकसचा ‘सर्कस’ झाला होता. मामांनी समासात फक्त योग्य शब्द लिहिला आहे, शेरा एकही नाही. माझ्या लाल खुणांशी त्यांची तुलना केल्यावर व्हॉट्सॲपवरचा तो तक्ता पुन्हा आठवला.

टी-शर्टवाल्याला मी विचारले की तो अजून कसा टिकला आहे. “मामा रोज सकाळी चहा ठेवताना विचारतात, चढवलं का. आता त्यांना नाही कसं सांगायचं?” एवढेच त्याचे उत्तर.

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर मोजदाद केली. ४१ पैकी नियमित काम करणारे आठ आणि यादीत कधीच नसलेले मामा, असे नऊ. उरलेल्यांपैकी जेवढ्यांना शक्य झाले तेवढ्यांना मी स्वतः फोन केले, कैफियत मागण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी. दोघींना लहान मुले आहेत आणि शनिवार सकाळ हीच त्यांची कपडे धुण्याची वेळ. एकाची बदली हैदराबादला झाली. पाच जणांनी नाव दिल्याचेच त्यांना आठवत नव्हते. दोघांनी त्या तक्त्याचा उल्लेख केला आणि मी ऐकून घेतले.

ज्या बाईंची मी क्षमा मागितली होती, त्या मात्र परतल्या आहेत आणि पहाटे पाच ते सहा काम करतात. शनिवारी येणार नाही, छायाचित्रात उभी राहणार नाही आणि तासांची नोंद देणार नाही, अशा तीन अटी त्यांनी घातल्या. तिन्ही मान्य केल्या. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रकरणात चूक सापडणे अवघड असते. नऊ माणसांत काम जुलैच्या दीडपट वेगाने चालले आहे, कारण आता प्रत्येकाला आपला दुसरा हात कोण हे ठाऊक आहे.

गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

आज आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये हा दिवस ठरवला आणि आमच्याकडे तो सभागृहात, फुलांच्या कमानीसह साजरा झाला. आठवडाभर आधी विचारणा झाली होती की विद्यार्थिनीला मंचावर आणता येईल का. मी तिला निरोप दिला. तिने नम्रपणे कळवले की त्या दिवशी तिची चाचणी परीक्षा आहे, आणि परीक्षा नसती तरी ती आली नसती. दूरध्वनी कक्षातील सहकारीही आपल्या जागीच बसून राहिला. “फोन कोण उचलणार?” असे त्याचे म्हणणे.

४१ प्रमाणपत्रे वाटली गेली, कारण यादी जुलैची होती. मामांचे त्यात नव्हते, कारण कंत्राटी माणसाचे नाव पटावर नसते. मी लेखी विचारणा केली, त्यावर धोरणात तशी तरतूद नसल्याचे उत्तर दुपारी आले. मामांना हे सांगताना मला संकोच वाटत होता. ते खुर्च्या उचलत होते. म्हणाले, “मला कशाला कागद? घरी ३२ म चा आहे.”

टी-शर्टही आज आले. टी-शर्टवाल्याने आपला मामांना दिला. तो त्यांना दोन माप मोठा होतो.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

लुई ब्रेलचा जन्म १८०९ मधल्या याच तारखेचा, हे सहकाऱ्याने सकाळी आठवण करून दिले. आम्ही तारीख जुळवून आणली नव्हती. २८८ पाने, चौदा प्रकरणे, १७ तक्ते आणि दोन नकाशे पूर्ण झाले. नकाशांचे शब्दांत वर्णन करायला सर्वांत जास्त वेळ लागला. जिल्ह्यांच्या सीमा कशा वळतात हे सांगून उपयोग नसतो, त्या नकाशातून लेखकाला काय दाखवायचे आहे ते सांगावे लागते, आणि त्यावर आमच्यात तीन शनिवार वाद झाला.

विद्यार्थिनी आज प्रथमच कार्यालयात आली. मामांनी तिला दारातून आत आणले आणि दोघे जमिनीच्या खंडाविषयी बराच वेळ बोलत बसले. तिला परीक्षेसाठी हवे होते त्याहून बरेच अधिक त्यांनी सांगितले असावे. मग तिने आपली यादी काढली. संपूर्ण पुस्तक ऐकताना तिला अजून २६ चुका सापडल्या होत्या, पृष्ठांकांसह. शेवटी म्हणाली, “ताई, पुढचं पुस्तक घेणार असाल, तर मला दुसरा हात करा. ऐकताना जे सापडतं ते तुम्हाला पाहताना सापडत नाही. आणि हे आमच्या मागच्या वर्गातल्या दोघांना लागणार आहे, तेही माझ्यासारखेच आहेत.” काम का करायचे आहे, हे मी तिला विचारले नाही. चिठ्ठ्या वाटणे मी ऑगस्टमध्येच बंद केले आहे.

पुढचे पुस्तक सहकारी चळवळीवरचे, २१२ पानांचे, अकरा प्रकरणे. स्कॅनिंग सोमवारपासून. प्रकरण एक : पहिला हात पहाटेच्या बाई, दुसरा हात विद्यार्थिनी. प्रकरण दोन : पहिला हात मामा, टंकन टी-शर्टवाला, दुसरा हात दूरध्वनी कक्ष. प्रकरण तीन : हिशेब विभागातला वायरींवाला सहकारी, त्याने काल स्वतःहून विचारले की एखादे पूर्ण प्रकरण शिल्लक आहे का, आणि ते कशाविषयी आहे. पतपेढ्यांविषयी आहे, असे कळवले. मामांसाठी छापील प्रत मोठ्या टंकात काढायची, त्यांचा चष्म्याचा नंबर वाढला आहे.